डोक्यावरची लाट

आमच्या बंदरात पाऊस पडत नाही.
त्यामुळे कागद कुजत नाही,
उन्हानं नुसता तांबूस होतो,
आणि तळघरातले 'ला बोसिना'चे गठ्ठे
अजून वाचता येतात. वाचणारं कुणी आलं तर.

पहिला मालक थ्वेट, लिव्हरपूलचा.
वाळवंटातून त्याचा सोरा निघायचा.
जहाज कधी लागणार, भाव काय फुटला,
एवढं छापायला त्यानं बोटीनं यंत्र आणलं
आणि खिळ्यांच्या अठरा पेट्या.
अठरांत एक अक्षर नव्हतं:
डोक्यावर लाट असलेला 'न'.
इंग्रजाला तो कशाला लागतोय?
पहिल्याच जानेवारीत, पहिल्याच पानावर
आम्हाला नववर्षाच्या शुभेच्छा मिळाल्या,
आणि लाट गेली की आमच्या भाषेत
'वर्षा'चं जे होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.
बसायच्या जागेशी संबंध आहे, इतकंच म्हणते.
पाद्री संतापला. गाव आठवडाभर हसलं.
थ्वेटला कुणी काही समजावलं नाही.

माझे आजोबा निकानोर किस्पे, सतरा वर्षांचा जुळारी.
त्यांनी साधे 'न' घेतले, शिशाचा थेंब टाकला,
कानशीनं वळण दिलं.
लाट जरा डावीकडे कलली.
तशीच कललेली चाळीस.

सोरा बसला. थ्वेट गेला,
जाताना किराण्याच्या उधारीत वर्तमानपत्र देऊन गेला.
नवा मालक येर्को बार्बारिच, अड्रियाटिकच्या कुठल्याशा बेटावरचा,
त्याला आमची लिपी येत होती, भाषा बेताची.
रात्री गल्ला मोजताना बायको, पाल्मिरा,
त्याला त्याचाच अंक वाचून दाखवायची.
तिला न आवडलेलं ती गाळायची.
एकतीस वर्षं त्याला कळलं नाही
आपण काय काय छापतो ते.

मग मुलगा आला, मुलाचं जुगाराचं देणं आलं,
आणि छापखान्यातल्या माणसांनीच वर्गणी काढून तो विकत घेतला.
'मालक: आम्ही', शीर्षकाखाली बारीक टाइपात.
मथळ्यावरसुद्धा मतदान! अंक दुपारी निघायचा.
वडील म्हणत, इतका उशीर आणि इतकी मजा पुन्हा झाली नाही.
चौदा महिने.

सप्टेंबरात शिपाई आले.
एक कॅप्टन खुर्चीत बसला. मालक नव्हे, 'प्रभारी'.
मुन्योस, पेन्या, ओर्दोन्येस:
आमच्यातली तीन माणसं, जी घरी परतली नाहीत
आणि ज्यांची नावं छापायची नव्हती.
तिन्ही नावांत लाट होती.
वडील रोज रात्री ती जुळवत,
शाई न लावता,
पहाटे सोडून खिळे आपापल्या घरात ठेवत.

त्यानंतर मासळीची भुकटी करणारी कंपनी.
पगार वेळेवर, वास कायमचा.
त्यानंतर राजधानीतला एक समूह,
ज्यानं आम्हाला न बघताच एका गुरुवारी विकत घेतलं.
मी तेव्हा मुद्रितं तपासत होते.
संगणक आले. लाट सरळ झाली,
इतकी सरळ की मला ती परक्याची वाटे.

बंद झाल्याचं पत्र तीन ओळींचं.
'प्रिय सहकाऱ्यांनो', सुरुवातीलाच,
आणि सहकाऱ्यांच्या मधोमध, लाटेच्या जागी,
कुठल्या यंत्रातून आलं कोण जाणे,
एक प्रश्नचिन्ह.
मी लाल पेननं गोल केला. सवय.

इमारतीत आता गाद्यांचं दुकान आहे.
आजोबांचे खिळे माझ्याकडे, सार्डिनच्या डब्यात.
सदतीस.
उरलेले तीन वडिलांनी देऊन टाकले होते,
तीन घरांत, जिथं पुरायला दुसरं काहीच नव्हतं.

परवा मासळीबाजारात ओळखीच्या कोळणीनं विचारलं,
बाई, बांधायला कागद आहे का गं जुना?
आहे म्हणाले.
दिला मात्र नाही अजून.